चहा संपेपर्यंत

रविवार, १ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. यजमानांना आणि मुलींनाही माझा सलाम सांगा.

तुमची दोन्ही पत्रं पोहोचली. पहिल्याचं उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात दुसरं आलं, असं लिहिणार होते. पण पहिलं पत्र येऊन पाच आठवडे झाले, तेव्हा ती थाप काही चालायची नाही. खरं एवढंच की कामावरून आले की दोन घास खाते आणि अंग टाकते. पेन धरायचं त्राणच उरत नाही. आज उपासनेहून आले, जेवले, झोपले, आणि आता चार वाजता तोंड धुऊन लिहायला बसलेय.

खोली कशी आहे विचारलंय. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट. कपाटाचं दार आपलं आपण उघडतं म्हणून त्याला खुर्ची टेकवून ठेवावी लागते. म्हणजे मी बसले की कपाट उघडं, आणि कपाट मिटलं की मी उभी. सध्या उघडं आहे. घरमालकीण बाई निवृत्त शिक्षिका आहेत. जिन्यात भेटल्या की आधी माझ्या चपला सरळ लावल्यात का ते बघतात आणि मग माझ्याकडे. पण मनाने बऱ्या आहेत. पहिल्या आठवड्यात, नोकरी लागायच्या आधी, मी आजारी पडले तेव्हा दाराबाहेर दूध ठेवून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी भांडं नीट घासलं नाही म्हणून बोलल्या.

आता नोकरी. तुम्ही मुलींना सांगितलंय की मामी रुग्णालयात आहे, ते खरंच आहे, पण मुलींना वाटेल तसं पांढऱ्या कपड्यांत नाही. मी तळमजल्याच्या मागे, धुलाईघरात आहे. हसा हवं तर. नऊ वर्षं आईंच्या चादरी बदलल्या, धुतल्या, वाळत घातल्या. सगळं आटोपलं म्हणून गाव सोडून इथवर आले, तर हातात पुन्हा चादरीच. माझ्या पाचवीलाच पुजल्यात त्या. मुकादमाने पहिल्या दिवशी विचारलं, "अनुभव आहे का?" मी म्हटलं, "पुष्कळ."

काम असं असतं. वॉर्डांतून मळके कपडे पोत्यांत येतात. आधी प्रत्येक चादर झटकायची, कारण तिच्यात काय निघेल याचा नेम नाही: चष्मा, कवळी, एकदा तर अर्धं लिहिलेलं पत्र. ते सगळं एका डब्यात ठेवायचं, कोणी मागायला आलं तर. मग यंत्रात धुणं, पिळणं, आणि शेवटी तापलेल्या रोलरमधून इस्त्री. रोलरच्या एका बाजूने दोघी चादर सरकवतात, दुसऱ्या बाजूने दोघी धरतात आणि घडी घालतात. आवाज एवढा की ओरडूनच बोलावं लागतं. माझ्या जोडीदारणीला सगळे सायरन म्हणतात, कारण तिला ओरडावं लागत नाही.

पहिल्या दिवशीची गंमत सांगते. रोलरमधून चादर आली. मी माझी दोन टोकं धरली, मधला भाग हनुवटीखाली दाबला आणि एकटीनेच घडी घालायला लागले. सायरन समोर दोन टोकं धरून नुसती उभी. मग ओरडली, "अहो बाई, हनुवटी सोडा! मी आहे ना इकडे!" मी हनुवटी सोडली. ती दोन पावलं पुढे आली, मी दोन पावलं पुढे गेले, तिने तिची टोकं माझ्या हातात दिली, झाली घडी. एवढंच. पण मला एकदम रडू फुटलं, वन्सं. रोलरच्या वाफेत कोणाच्या लक्षात आलं नाही. नऊ वर्षांत कोणी समोरून टोक धरलंय हे मला आठवेना.

उपासनेला जाते, काळजी करू नका. चर्च लहान आहे, चालत वीस मिनिटांवर. मी शेवटच्या बाकावर बसते. पाळक तरुण आहेत, प्रवचन फार लांबवतात, पण दारात हात मिळवताना प्रश्न विचारत नाहीत. कोणाची कोण, कुठली, नवरा काय करतो, काही नाही. बरं वाटतं मला ते.

तुम्ही लिहिलंय, "वहिनी, देवाने तुला नवी सुरुवात दिली, त्याचे आभार मानतेस ना?" मानते. पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात म्हणजे जरा गुडघे दुखतातच, पण मानते. सकाळी उठते तेव्हा कोणी हाक मारलेली नसते, याचे मानते.

ऑक्टोबरातल्या उपकारस्तुतीच्या उपासनेचं म्हणाल, तर अजून वेळ आहे. आईंना जाऊन तेव्हा वर्ष होईल हे माझ्या लक्षात आहे. मी यावं, उभं राहून साक्ष द्यावी असं तुम्हाला वाटतं तेही समजलं. बघू. मला चार माणसांत बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

हात दुखायला लागला. थांबते.

तुमची,
वहिनी


रविवार, २२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

सलाम.

मंगळवारी तुमचं पाकीट मिळालं. त्यात छापलेला कार्यक्रमही होता. प्रारंभीची प्रार्थना, गीत, शास्त्रवाचन, पुन्हा गीत, आणि पाचव्या क्रमांकावर माझं नाव. पुढे लिहिलंय, "साक्ष: मृत्युशय्येपाशी आभार."

मला आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

रागावून लिहितेय असं वाटेल, तर तसंच समजा. मी "बघू" म्हटलं होतं. आपल्या घरात "बघू" म्हणजे "नाही" असतं, हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? आईंना तुम्ही दर वेळी म्हणायचात, "पुढच्या रविवारी जास्त वेळ थांबते, बघू." आई समजायच्या बरोबर.

हे कडवट झालं. खोडणार होते, पण कागद चांगला आहे आणि खाडाखोड दिसते. राहू दे.

मुख्य सांगायचं म्हणजे मला येता येणार नाही. मुकादम रजा देत नाही. ऑक्टोबरात इथे फार काम असतं. दोन बाया आधीच सुट्टीवर आहेत. तुम्ही कार्यक्रमात दुसरं नाव घाला, बाया पुष्कळ आहेत बोलणाऱ्या.

दुसरी गोष्ट. परवा मला आणखी एक पत्र आलं, आपल्या चर्चमधल्या घड्याळजींच्या सुनेचं. तिसऱ्या बाकावर बसते ती, सडपातळ, सतत मनगटाला रबर गुंडाळलेलं. तिची सासू दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलीय हे तुम्हाला माहीतच आहे. माझा पत्ता तुम्हीच दिलात असं तिने लिहिलंय. तिचं पत्र तुम्हाला दाखवायचं नाही असं आधी ठरवलं होतं, पण त्यातलं थोडं उतरवते, कारण त्याला तुम्ही कारण आहात.

ती लिहिते: "काकू, तुमची गोष्ट ताईंनी बायकांच्या सभेत सांगितली. तुम्ही सासूबाईंचा हात हातात घेऊन बसला होता, त्यांनी प्राण सोडला आणि तुमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो प्रभूच्या आभाराचा. सगळ्या रडल्या. मी पण रडले, पण वेगळ्या कारणाने. मी सासूबाईंना वेळेवर भरवते, पुसते, कूस बदलते. पण मनात रोज म्हणते, आणखी किती दिवस. कधी कधी भरवताना चमचा मुद्दाम जोरात लावते. मग स्वतःचीच भीती वाटते. मागच्या प्रभुभोजनाला मी भाकर-प्याला घ्यायला पुढे गेलेच नाही, पोट दुखतंय म्हणाले. काकू, तुम्हाला ती कृपा कशी मिळाली? मला शिकवाल का? तुम्ही सांगाल तशी प्रार्थना करीन."

हे पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा सायरनला वाचून दाखवलं, जेवणाच्या सुट्टीत. ती चर्चला वगैरे जात नाही. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होती. म्हणाली, "हिला झोपेची गरज आहे. प्रार्थनेचं नंतर बघा."

तिला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. काय शिकवू तिला?

वन्सं, एक विनंती आहे. ती गोष्ट आता पुन्हा कुठे सांगू नका. सभेत नको, चर्चमध्ये नको, शेजारणीपाशीही नको. का ते विचारू नका. एवढं माझ्यासाठी करा.

तब्येत ठीक आहे. घरमालकीण बाईंनी कपाटाच्या दाराला कडी बसवून दिली, त्यामुळे आता बसूनही ते मिटलेलं राहतं.

तुमची,
वहिनी


रविवार, ६ ऑक्टोबर

वन्सं,

या वेळी आधी कोणाला सलाम वगैरे सांगत नाही. हे पत्र तुम्ही एकट्याच वाचा. मुली असतील तर दार लावून घ्या.

तुमच्या पत्रात फक्त तीन ओळी होत्या. त्या मला पाठ झाल्यात. "का? माझ्या आईच्या शेवटच्या घटकेची एकच चांगली आठवण माझ्यापाशी आहे. तीही तू मला सांगू देत नाहीस?"

गुरुवारपासून मी या "का"चं उत्तर मनात लिहितेय. चादरी मोजताना लिहितेय, रोलरवर लिहितेय. परवा त्या नादात बोट भाजलं. सायरन म्हणाली, "काय ते एकदा ओका, नाहीतर पुढच्या वेळी हात जाईल." तेव्हा सांगते. आधी लहान खोटं, मग मोठं.

लहान खोटं रजेचं. मी रजा मागितलीच नव्हती. शुक्रवारी मागितली. मुकादम वर बघून म्हणाला, "इतक्या महिन्यांत एक दिवस घरी राहिली नाहीस. मला वाटलं तू यंत्राबरोबरच आलीस." चार दिवस दिले त्याने, आणखी हवेत का असंही विचारलं.

आता मोठं.

तो रविवार तुम्हाला आठवतो. मलाही आठवतो, पण तुम्ही दारातून आत आल्यापासूनचा तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याआधीचा मला. आईंच्या डाव्या हाताशी घंटी असायची. उजवं अंग गेलेलं, जीभ जड, पण घंटी वाजवण्यात पटाईत. तहान लागली की वाजवायच्या, पडदा वाकडा दिसला की वाजवायच्या, खिडकीवर कोणता पक्षी बसलाय ते विचारायला वाजवायच्या. मी कामात गीत गुणगुणले आणि चाल चुकली तर ती दुरुस्त करायलाही वाजवायच्या. अर्ध्या तोंडाने म्हणून दाखवायच्या, आणि त्यांचंच बरोबर असायचं. मला त्या आवडायच्या, वन्सं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तुमचे दादा गेल्यावर मला माहेरी परत जा असं सगळे म्हणत होते, तेव्हा आईंनीच माझा हात धरून ठेवला होता. तेव्हा त्यांचे दोन्ही हात चालत होते.

त्या दिवशी सकाळपासून अकरा वेळा घंटी वाजली. मोजायची सवय लागली होती, वाईट सवय. आदल्या दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. दुपारी त्यांचा जरा डोळा लागलेला बघून मी चहा केला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. ऊन होतं, बरं वाटत होतं. पहिला घोट घेतला आणि घंटी वाजली. लांब वाजली.

मी उठले नाही.

मनात म्हटलं, पक्षी असेल. पडदा असेल. चहा संपेपर्यंत थांबा की आई, एवढं काय. घंटी थांबली. मग पुन्हा वाजली, या वेळी थोडीच. मी कपात बघत बसले. राग येत होता मला, खोटं कशाला सांगू. आईंचा येत होता, देवाचा येत होता, आणि तुमचाही. तीन वाजायला आले होते, तुम्ही येणार, स्वच्छ साडी नेसून त्यांच्या उशाशी बसणार, दोन गीतं म्हणणार, आई डोळे मिटून ऐकणार, आणि जाताना तुम्ही मला म्हणणार, "वहिनी, आई किती शांत आहे गं." ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मी स्वतःशी म्हटलं आणि आणखी एक घोट घेतला.

चहा पूर्ण संपवला. कप विसळला. पालथा घातला. मग आत गेले.

आई गेल्या होत्या. घंटी चादरीवर पडली होती, हात तिच्याकडे वळलेला होता.

मी खाली बसले आणि तो हात हातात घेतला. ऊब होती अजून. आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, तुझे आभार." तुम्ही दारात उभ्या होता. तुम्ही पिशवी टाकली, माझ्या गळ्यात पडलात आणि म्हणालात, "वहिनी, केवढा गं तुझा विश्वास!" मी काहीच बोलले नाही. त्याच वेळी बोलायला हवं होतं. एक दिवस गेला, मग दफन झालं, मग पाळकांनी प्रवचनात ते सांगितलं, मग ती गोष्टच झाली. गोष्टीत मी फार चांगली बाई होते. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मला त्या गावात राहवेना, म्हणून मी आले इथे. नवी सुरुवात वगैरे तुम्ही म्हणता, पण मी पळून आलेय.

आभार कशाचे मानले तेही सांगते. विश्वासाचे नव्हेत. आता कोणी हाक मारणार नाही, याचे मानले. आता मी झोपेन, याचे.

डॉक्टर म्हणाले होते, एका क्षणात झालं असेल, कोणी काही करू शकलं नसतं. त्यांचं खरं असेल. पण घंटी दोनदा वाजवण्याइतका तो क्षण मोठा होता, आणि तेवढ्यात मी निदान जवळ जाऊन "आहे मी, आई" म्हणू शकले असते. एवढंच हवं असेल त्यांना. किंवा पक्षीच असेल. ते आता मला कधी कळणार नाही.

तुमची एकुलती चांगली आठवण मी मोडली. त्याबद्दल क्षमा मागते, पण मोडल्याबद्दलच मागते, सांगितल्याबद्दल नाही. घड्याळजींच्या सुनेचं पत्र आलं नसतं तर कदाचित मी ती तशीच राहू दिली असती आणि तुमच्याबरोबर म्हातारी झाले असते. पण ती पोर माझ्यासारखं व्हायला बघतेय, आणि मी जी नाहीच तिच्यासारखं व्हायला बघतेय. त्यासाठी प्रभुभोजनापासून दूर राहतेय. माझ्या गप्प बसण्याचं ओझं तिने का वाहायचं?

माझ्या विश्वासाचं तुम्हाला वाटेल, गेला की काय. मलाही वाटलं होतं. इथे आल्यावर तीन महिने मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचे. मग एका रविवारी पाळक म्हणाले, आपापली पापं मनात कबूल करा, आणि त्या दिवशी त्यांनी त्याला भरपूर वेळ दिला. मी चहापासून कपापर्यंत सगळं सांगितलं देवाला. वाट बघत बसले. काहीच झालं नाही. छप्पर कोसळलं नाही, आकाशवाणी झाली नाही. सोमवारी कामावर गेले, चादरी झटकल्या, जेवले, झोपले. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच सांगितलं, मागच्या वेळी नीट ऐकलं नसेल म्हणून. पुन्हा काही नाही. रागावलेला देव मला लहानपणापासून ठाऊक होता, त्याच्यापुढे कसं उभं राहायचं ते येतं मला. न रागावणारा मला सहन होईना. इतके दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते आणि तो मला झोप देत होता, भूक देत होता, समोरून चादरीचं टोक धरणारी बाई देत होता. हे कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा खरे आभार मानले. थकलेलेच होते तेही. पण खरे होते.

आता ठरवलंय ते लिहिते.

मी शनिवारी, १९ तारखेला येतेय. तुमच्याकडे उतरणार नाही. तुम्हाला मला घरात घ्यायचं की नाही हा विचार करायला वेळ हवा, आणि माझी पिशवी दारात ठेवून तो करता यायचा नाही. मी घड्याळजींच्या घरी उतरेन. चार दिवस तिच्या सासूपाशी मी बसणार आणि ती झोपणार. तिलाही पत्र लिहिलंय. तुमचं आधी टाकेन, तिचं मागून. तुमच्या आधी कोणाला कळावं असं मला वाटत नाही.

कार्यक्रमातला पाचवा क्रमांक तुमच्या हातात आहे. खोडून टाकलात तर मी शेवटच्या बाकावर बसेन आणि गीतं म्हणेन. ठेवलात तर उभी राहीन आणि सांगेन की नऊ वर्षांनी मी दमले होते, मला राग यायचा, आणि त्या दिवशीचे आभार सुटकेचे होते. आई शेवटी एकट्या होत्या हे मात्र तुमच्या परवानगीशिवाय चारचौघांत बोलणार नाही. आई तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं.

आणि एक मागणं आहे. बुधवारी मी परत निघेन. त्यानंतर त्या घरी पुन्हा ती एकटीच. आठवड्यातून एक दुपार तुम्ही तिथे जाल का? गीत म्हणायला नको, प्रार्थनाही नको, त्या तिच्या ती म्हणेल. तिने झोपायचं आणि तुम्ही जागं राहायचं. आतून हाक आली की उठायचं, दहाव्यांदा आली तरी उठायचं, पडद्यासाठी असली तरी. हे मी नऊ वर्षांत तुमच्याकडे कधी मागितलं नाही. न मागता मनात तुमच्यावर रागावत राहिले, तो माझाच दोष. मागितलं असतं तर तुम्ही आला असता, असं आता वाटतं. आणि त्या दुपारी मी पायरीवर बसले असते तरी आत कोणीतरी उठलं असतं.

प्रभू तुम्हाला हे वाचायचं बळ देवो.

तुम्ही अजून म्हणत असलात तर, तुमची
वहिनी